ऐकलेला शिवकाल

स्टोरीटेलने २०१७ मध्ये मराठी श्राव्यपुस्तके आणल्यापासून ऐतिहासिक कादंबरी ऐकणे हा वाचनाचा अपकर्ष होय, असे गाऱ्हाणे रूढ झाले आहे. गो. नी. दांडेकरांच्या शिवकालीन कादंबरीमालेपुरते तरी ते फोल आहे. गाडगेमहाराजांच्या सहवासात कीर्तनाचा संस्कार घेतलेल्या या लेखकाची वाक्ये मुळात उच्चारासाठीच बांधलेली आहेत. वीणा देव व कुटुंबीयांच्या अभिवाचनांना ज्यांनी दाद दिली, त्यांनी यंत्रातून येणाऱ्या त्याच शब्दांवर रुसावे, ही उघड विसंगती होय.

खरा आक्षेप निराळा आहे. आणि शहागंजात, निजामकालीन घड्याळाच्या मनोऱ्याखाली, तो अधिक टोचतो. मूकवाचनात मोगल सरदाराला आवाज वाचक देतो, श्रवणात तो अभिवाचक देतो. तो आवाज नाटकी, घोगऱ्या हिंदीचा असला की संहितेने न दिलेला खलत्वाचा निवाडा श्रोत्याच्या माथी मारला जातो. ज्या चौकात दखनी ही भाजी घेण्याची बोली आहे, तेथील कानाला हा खोटेपणा तत्काळ खटकावा. समीक्षेचे कान मात्र (नेहमीप्रमाणे) पुण्यात आहेत.

ई-पुस्तकाने तर शब्द शोधण्याची सोयही दिली. ‘यवन’ हा शब्द पात्रांच्या तोंडी किती वेळा येतो आणि निवेदकाच्या तोंडी किती वेळा, हे पडताळण्यास आता एक दुपार पुरे. तरीही पुनर्वाचनाच्या नावाने निघतात ती बहुधा बालपणीच्या गहिवराचीच टिपणे.