तंत्रज्ञान कोणासाठी? रंगभूमी कोणाची?

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना ‘तंत्रज्ञान आणि समाज’ हा विषय शिकवावा काय, आणि विद्यापीठांनी नाट्यशिक्षणाचे वर्ग चालवावेत काय, हे प्रश्न आता कोणी उघडपणे विचारीत नाही. तत्त्वतः दोन्ही गोष्टी मान्य झाल्या आहेत, कागदोपत्री अभ्यासक्रमही तयार आहेत. वाद आहे तो त्यांच्या आशयाचा. पहिला विषय अभियंत्याच्या पदवीला लावलेली शोभेची झालर ठरावा आणि दुसरा दूरचित्रवाणीच्या मालिकांना चेहरे पुरविणारी शाळा व्हावी, यातच सत्ताधारी वर्गाचे समाधान आहे. वस्तुतः हे दोन वेगळे विषय नव्हेत. माणसाच्या हाताने उभे केलेले यंत्र कोणाच्या मालकीचे आणि कोणाच्या कामाचे, या एकाच प्रश्नाची ती दोन रूपे आहेत. ही गोष्ट हावड्याइतकी स्पष्टपणे देशातील फार थोड्या शहरांत दिसते.

हावड्याचा पूल वाहतुकीसाठी खुला झाला तो 3 फेब्रुवारी 1943 रोजी. सुमारे 26,500 टन पोलाद त्यात वापरले गेले आणि त्यातील बहुतेक, म्हणजे जवळजवळ 23,000 टन, जमशेदपूरच्या टाटा कारखान्यात तयार झाले होते. सारा सांगाडा रिव्हेट ठोकून जोडलेला. भारतीय मजुराचे श्रम आणि भारतीय पोलाद यांनी काय उभे राहू शकते याचा तो पुरावाच होता. जपानी विमानांच्या धास्तीमुळे पुलाचे उद्‌घाटनही गाजावाजा न करता उरकण्यात आले. परंतु त्याच सरकारने आदल्या वर्षी, 1942 मध्ये, शत्रूच्या हाती पडू नयेत या सबबीखाली बंगालच्या किनारी जिल्ह्यांतील हजारो होड्या जप्त केल्या होत्या, मोडून टाकल्या होत्या. होडी हे त्या मुलखातील कोळ्याचे, कुंभाराचे आणि धान्य वाहणाऱ्या माणसाचे तंत्रज्ञान. साम्राज्याला हवे असलेले तंत्रज्ञान उभे राहिले आणि जनतेच्या हातातील तंत्रज्ञान नष्ट झाले. युद्धकाळातील महागाई, साठेबाजी आणि सरकारची बेपर्वाई यांची भर पडून 1943 चा दुष्काळ झाला. सरकारी चौकशी आयोगाने सुमारे 15 लाख मृत्यू मान्य केले. पुढील अभ्यासकांचा अंदाज 30 लाखांपर्यंत जातो. गावे सोडून निघालेली भुकेली माणसे कलकत्त्याच्या पदपथांवर येऊन मेली.

हा हिशेब त्या वेळी कोणत्या अभियांत्रिकी महाविद्यालयाने मांडला? कोणत्याही नाही. तो मांडला रंगभूमीने. मे 1943 मध्ये मुंबईत भारतीय जननाट्य संघाची स्थापना झाली आणि ऑक्टोबर 1944 मध्ये बिजन भट्टाचार्य यांचे ‘नवान्न’ कलकत्त्याच्या रंगमंचावर आले. दिग्दर्शन त्यांचे स्वतःचे आणि शंभू मित्र यांचे. राजवाडे, बागा, रंगविलेले पडदे यांना सरावलेल्या रंगमंचावर मागे साधे गोणपाट टांगलेले आणि पुढे प्रधान समाद्दार या शेतकऱ्याचे उद्ध्वस्त कुटुंब. हुगळीच्या दोन्ही तीरांवरील ताग गिरण्यांत जे गोणपाट विणले जाई तेच तेथे नेपथ्य झाले होते. महाराष्ट्राचा या इतिहासाशी संबंध नाही असे समजू नये. बंगालच्या कलापथकाने मुंबईत येऊन दुष्काळग्रस्तांसाठी निधी गोळा केला. अण्णा भाऊ साठे यांनी ‘बंगालची हाक’ हा पोवाडा रचला आणि अमर शेख, गवाणकर व अण्णा भाऊ यांचे लाल बावटा कलापथक कामगार वस्त्यांतून फिरू लागले. जेमतेम दीड दिवस शाळा पाहिलेल्या या माणसावर आज विद्यापीठे पदव्या देतात, ही चांगलीच गोष्ट आहे. मात्र त्याच्या कलापथकात जे शिक्षण मिळत होते ते त्या पदव्यांत किती उरले आहे, हे तपासायला हवे.

(पश्चिम बंगालचे सचिवालय 2013 पासून हावड्यातच, शिबपूर भागात आहे आणि त्या इमारतीलाही ‘नवान्न’ हेच नाव दिलेले आहे. नव्या पिकाच्या सणाचे नाव राज्यकर्त्यांना आवडते. नाटकातील शेतकऱ्याचा प्रश्न तितकासा आवडत नाही.)

त्याच शिबपूरला देशातील सर्वांत जुन्या अभियांत्रिकी संस्थांपैकी एक आहे. 1856 मध्ये कलकत्त्यात ती सुरू झाली, 1880 मध्ये शिबपूरला आली, पुढे बंगाल इंजिनिअरिंग कॉलेज म्हणून देशभर ओळखली गेली आणि 2014 मध्ये तिला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळाला. कंपनी सरकारला रस्ते, कालवे आणि इमारती बांधण्यासाठी हाताखालची शिकलेली माणसे हवी होती, हा अशा संस्थांचा जन्महेतू. रस्ता कोठून कोठे जावा हे ठरविण्याचे शिक्षण त्यात नव्हते. तो अधिकार दुसऱ्यांचा होता. स्वातंत्र्यानंतर सरकार बदलले, पण शिक्षणाची ही घडण पुरती बदलली नाही.

या संस्थेपासून थोड्या मैलांवर बेलिलियस रोडचा परिसर आहे. लहान लहान खोल्यांतून लेथ चालतात, शहरात ठिकठिकाणी ओतशाळा आहेत. एके काळी हावड्याला पूर्वेकडचे शेफिल्ड म्हणत. 2007 मध्ये न्यूयॉर्कच्या एका प्रमुख वृत्तपत्राने जगाला दाखविले की, त्या महानगराच्या रस्त्यांवरील गटारांची आणि भुयारांची लोखंडी झाकणे हावड्याच्या ओतशाळेत तयार होतात आणि वितळलेले लोखंड ओतणारे कामगार अनवाणी, उघड्या अंगाने काम करतात. छायाचित्रे छापून आल्यावर तेथील वीज कंपनीला सुरक्षिततेच्या अटींची आठवण झाली. तोपर्यंत हा प्रश्न शिबपूरच्या किंवा दुसऱ्या कोणत्याही धातुशास्त्र विभागाच्या परीक्षेत का येऊ नये? वितळबिंदू किती, हे विद्यार्थ्याला विचारले जाते. त्या तापमानापासून हातभर अंतरावर उभ्या असलेल्या माणसाच्या पायात काय आहे, हे विचारले जात नाही.

अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने 2018 मध्ये जाहीर केलेला आदर्श अभ्यासक्रम पाहिला म्हणजे या उदासीनतेचे कारण कळते. 160 श्रेयांकांच्या त्या आराखड्यात पर्यावरण आणि भारतीय संविधान हे विषय सक्तीचे आहेत, पण श्रेयांकाविना. त्यांच्याच रांगेत ‘पारंपरिक ज्ञान’ बसविलेले आहे. सामाजिक शास्त्रांच्या वाट्यात व्यवस्थापनशास्त्र घुसविण्यात आले आहे. ज्या विषयाला गुण नाहीत त्याकडे विद्यार्थी कसा पाहतो, हे शिक्षकांना सांगण्याची गरज नाही. संविधान हजेरीपुरते आणि व्यवस्थापन गुणांसाठी, अशी ही वाटणी आहे.

तंत्रज्ञानाला प्रश्न विचारणारा प्रत्येकजण प्रगतीचा शत्रू, असा प्रचार वर्षानुवर्षे केला गेला. 1960 च्या दशकात कलकत्त्याच्या इलाको हाउसमध्ये आयुर्विमा महामंडळाचा संगणक बसविण्यास कर्मचाऱ्यांनी विरोध केला आणि इमारतीवर रात्रंदिवस पहारा ठेवला. त्या लढ्याची आजही टवाळी होते. संगणक पुढे आला, यायचाच होता, आणि कामगार चळवळीनेही आपली भूमिका बदलली. त्या लढ्याच्या डावपेचांत यंत्र आणि यंत्राचा मालक यांतील भेद काही वेळा पुसट झाला, हेही मान्य केले पाहिजे. परंतु यंत्र आल्यावर वाचलेला वेळ कामगाराचा की मालकाचा, हा त्यांचा प्रश्न निकालात निघालेला नाही. मोबाइलवरील आदेशानुसार पाठीवर जेवणाचे डबे लादून धावणाऱ्या तरुणाला तो प्रश्न इलाको हाउसच्या कारकुनापेक्षा अधिक चटके देतो आहे. ‘तंत्रज्ञान आणि समाज’ या अभ्यासक्रमात असे लढे शिकवावेत, त्यांच्या चुकांसह शिकवावेत.

शिबपूरनेच एक असा विद्यार्थी दिला की ज्याच्या आयुष्यात हे दोन्ही विषय एकत्र आले. बादल सरकार तेथून स्थापत्य अभियंता झाले आणि नगररचनाकार म्हणून त्यांनी भारतात, इंग्लंडमध्ये व नायजेरियात नोकरी केली. 1963 मधील ‘एवं इंद्रजित’ने ते भारतभर पोचले. प्रतिष्ठा मिळाल्यावर त्यांनी काय केले, हे अधिक महत्त्वाचे. रंगमंच, पडदा, महागडी प्रकाशयोजना आणि तिकीटखिडकी हे सारे त्यांनी एकेक करून सोडून दिले. बांधकामाचा खर्च काढण्यात आयुष्य गेलेल्या माणसाने नाटकाचाही खर्च काढला आणि गरिबाला नाटकापासून दूर ठेवणारी भिंत पैशाची आहे असे त्याला आढळले. मग खोलीत, मैदानात, खेड्यात, प्रेक्षकांच्या मधोमध खेळ सुरू झाले. ‘मिछिल’ आणि सुंदरबनच्या शेतकऱ्यांच्या जीवनातून आलेले ‘भोमा’ ही त्या वाटेवरची नाटके. तरुणपणी ते कम्युनिस्ट पक्षात होते, पुढे दूर गेले. संघटनेविषयीचा त्यांचा अविश्वास पटण्याजोगा नाही. पण नगररचनाकाराच्या टेबलावरून सुंदरबनच्या भोमापर्यंत झालेला त्यांचा प्रवास कोणत्याही अभ्यासक्रमाच्या केंद्रस्थानी असावा असा आहे.

उत्पल दत्त यांची वाट नेमकी उलटी. 1959 मध्ये मिनर्व्हा थिएटरात त्यांनी ‘अंगार’ आणले. खाणीत पाणी भरते आणि अडकलेले कोळसा कामगार बुडतात, तो प्रसंग तापस सेन यांनी केवळ प्रकाशाच्या साह्याने उभा केला. लोक थक्क झाले, आणि टीकाही झाली की टाळ्या प्रकाशाला मिळतात, खाणमालकाचा गुन्हा मागे पडतो. दत्तांनी तंत्र टाकले नाही. 1965 च्या ‘कल्लोळ’मध्ये त्यांनी रंगमंचावर युद्धनौकाच आणली आणि मुंबईतील 1946 च्या नाविक बंडाची गोष्ट सांगितली. त्या बंडाच्या पाठिंब्यासाठी मुंबईचा कामगार रस्त्यावर उतरला होता आणि कॉ. कमल दोंदे गोळीला बळी पडल्या होत्या. नाटकाच्या जाहिराती वृत्तपत्रांनी नाकारल्या, सरकारने दत्तांना तुरुंगात टाकले. म्हणजे तंत्राने आशय गिळला नव्हता. दत्त बरोबर की सरकार बरोबर, हा वाद नाट्यशिक्षणाच्या वर्गात जरूर रंगावा; साधनांवर हुकूम कोणाचा चालतो, हा त्याचा खरा मुद्दा असावा.

विद्यापीठांनी हे दोन विषय वेगळ्या इमारतींत ठेवले, तेव्हा चळवळीने ते एकत्र आणले. जन नाट्य मंचाचे 1978 चे ‘मशीन’ हे पथनाट्य अवघ्या काही मिनिटांचे. गाझियाबादच्या एका कारखान्यातील कामगारांनी सायकली ठेवायला जागा आणि चहासाठी उपाहारगृह मागितले, त्यांना गोळ्या मिळाल्या. त्यातून ते जन्मले. नटांच्या शरीरांचेच यंत्र बनते आणि ते बंद पडते. कॉ. सफदर हाश्मी यांच्यावर 1 जानेवारी 1989 रोजी प्रयोग चालू असताना प्राणघातक हल्ला झाला, त्यावरून या कलेची धार मालकांना कळली होती एवढे नक्की. केरळ शास्त्र साहित्य परिषदेने 1980 पासून शास्त्र कलाजथे काढले. भोपाळच्या वायुकांडानंतर तीन वर्षांनी, 1987 मध्ये, भारत जनविज्ञान जथ्याने विज्ञान आणि नाटक हातात हात घालून देशभर नेले.

यातून चळवळीनेही स्वतःला तपासावे. कलापथक म्हणजे पुढारी येईपर्यंत गर्दी धरून ठेवण्याचे साधन, ही सवय अनेक ठिकाणी लागली आहे. डाव्या आघाडीचे सरकार पश्चिम बंगालमध्ये 34 वर्षे होते. अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमाची घडण बदलण्याचे काम त्या काळातही पुरेसे झाले नाही.

महाराष्ट्रात तर नाट्यशिक्षणावर थेट हल्ला आला आहे. पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र 1987 चे. फेब्रुवारी 2024 मध्ये तेथील विद्यार्थ्यांचे, रामलीलेतील नटांच्या पडद्यामागील जीवनावरचे नाटक अखिल भारतीय विद्यार्थी परिषदेच्या लोकांनी उधळले, आणि अटक झाली ती विभागप्रमुखांना व पाच विद्यार्थ्यांना. परीक्षेचा भाग म्हणून केलेल्या प्रयोगासाठी पोलीस कोठडी! एकीकडे ही दहशत आणि दुसरीकडे तासिका तत्त्वावर राबविले जाणारे शिक्षक. ज्याची नोकरी पुढील सत्रात राहील की नाही याची खात्री नाही, तो विद्यार्थ्याला निर्भयपणे संहिता निवडू देईल अशी अपेक्षा कशी करावी?

विद्यापीठांच्या अधिसभांत, शिक्षक आणि विद्यार्थी संघटनांत काम करणाऱ्या पक्षसभासदांनी हा प्रश्न हाती घेतला पाहिजे. ‘तंत्रज्ञान आणि समाज’ सक्तीचा आणि पूर्ण श्रेयांकांचा हवा. त्याचा निम्मा वेळ ओतशाळेत, यंत्रमागावर, साखर कारखान्यात गेला पाहिजे आणि तेथील कामगारांच्या संघटनेला विद्यार्थ्यांपुढे बोलण्याचा हक्क असला पाहिजे. नाट्यविभागांतील सर्व जागा कायमस्वरूपी भरल्या जाव्यात, विद्यार्थ्यांच्या प्रयोगांना संरक्षण द्यावे आणि वर्षातून किमान एक प्रयोग कामगार वस्तीत व्हावा. कामगार संघटनांनी त्यासाठी आपली सभागृहे विनाभाडे उघडावीत. इचलकरंजीला, भिवंडीला, सोलापूरला अशी सभागृहे आहेत. त्यांतील कित्येक आठवड्याचे सहा दिवस बंद असतात.