तेवढं यवतमाळ काढा!

मास कॉम झालं आणि पुण्यात एका एफएमवाल्यांकडे ऑडिशन दिली. स्क्रिप्ट पाठ, आवाज एकदम सेट. मग काचेपलीकडच्या साहेबांनी सहज विचारलं, "फार वेळ थांबावं लागलं का?" आणि मी बोलून गेले, "हो ना, सकाळपासून थांबून राहिली मी!" साहेब हसले. "आवाज छान आहे, पण तेवढं यवतमाळ काढावं लागेल." जसं काही यवतमाळ म्हणजे केसांतला कोंडा! अर्थातच कॉल आला नाही.

दिवाळीत घरी हा किस्सा आजीला सांगितला. आजी दारव्ह्याची. तिच्या तरुणपणी बुधवारी रात्री आठला शेजारच्यांच्या रेडिओभोवती अख्खी गल्ली जमायची. बिनाका गीतमाला! "अमीन सयानी बोलू लागले का कोनी खोकतही नव्हतं," आजी म्हणाली.

त्या रात्री मी सयानींबद्दल सापडेल ते वाचून काढलं. आणि काय सांगू बॉस, या माणसालाही आकाशवाणीनं हिंदीसाठी नाकारलं होतं! कारण? उच्चारात गुजराती आणि इंग्रजीची छटा.

मुंबईत १९३२ साली जन्मलेले सयानी मग रेडिओ सिलोनच्या जाहिरातींकडे वळले. मोबदला म्हणे ओव्हल्टिनचा छोटा डबा. तेव्हा केसकर माहितीमंत्री होते आणि आकाशवाणीवर फिल्मी गाण्यांना जवळपास बंदी होती. सिलोनला हीच संधी दिसली. डिसेंबर १९५२ मध्ये गीतमाला सुरू झाली. निवेदन, स्क्रिप्ट आणि पत्रांची छाननी, सगळ्याचे मिळून आठवड्याला २५ रुपये. सीनियर मंडळी कशाला तयार होतील? एकोणीस वर्षांच्या अमीनला काम मिळालं. पहिल्याच कार्यक्रमाला ९ हजार पत्रं आली. पुढे आठवड्याला ६५ हजारांपर्यंत! रेकॉर्डिंग मुंबईत व्हायचं, टेप कोलंबोला जायची आणि आवाज दारव्ह्यात पोचायचा. आधी सिलोन, मग १९८९ पासून विविध भारती, असा हा प्रवास १९९४ पर्यंत चालला. २००९ मध्ये पद्मश्री मिळाली. २० फेब्रुवारी २०२४ ला, ९१ व्या वर्षी, ते गेले.

मग त्यांनी उच्चार सुधारले नाहीत का? सुधारले, भरपूर मेहनत केली. पण त्यांची भाषा पुस्तकी झाली नाही. त्यांच्या आई कुलसुम सयानी नवसाक्षरांसाठी 'रहबर' नावाचं पाक्षिक काढायच्या. पोरगा त्यात मदत करायचा. साधं, सगळ्यांना कळेल असं बोलणं तो तिथंच शिकला.

म्हणजे फंडा असा की, आवाज घासायचा, पण गाव पुसायचं नाही. मी रोज मोठ्यानं वाचते, श-ष घोटते. तरीही गेल्या आठवड्यात दुसरीकडे ऑडिशनला तोच प्रश्न आला, "फार वेळ झाला का?"

"सकाळपासून थांबून राहिली," मी म्हटलं. या वेळी मुद्दाम.

कॉल अजून आला नाहीये. पण फोन चार्ज करून राहिली मी!