शेकाट्यासाठी उथळ काठ हवा

शेतकरी जिला जमीन मानीत नाही आणि कोळी जिला पाणी मानीत नाही, अशी वीतभर पाण्याची आणि मऊ चिखलाची एक पट्टी आपल्याकडील तळ्यांच्या, खाड्यांच्या आणि धरणांच्या फुगवट्यांच्या कडेला असते. महसुलाच्या दफ्तरात तिची नोंद झालीच, तर ती बहुधा पोटखराबा किंवा पडीक या सदरात होते. आणि ज्या जमिनीवर आकारणी नाही, तिच्यावर कोणाचे लक्षही नाही, असा आजवरचा शिरस्ता आहे. या उपेक्षित पट्टीवर ज्याचा सारा संसार अवलंबून आहे, त्या शेकाट्या नावाच्या पक्ष्याची बाजू येथे मांडावयाची आहे. कारण त्याच्या शरीररचनेचे आणि दिनक्रमाचे नीट अवलोकन केले, म्हणजे उथळ काठाचे मोल निराळे पटवून देण्याची गरज उरत नाही.

शेकाट्या लांबीने ३५ ते ४० सेंटिमीटर आणि वजनाने २०० ग्रॅमच्या आतबाहेर. परंतु या लहानशा देहाला निसर्गाने गुलाबी-तांबड्या रंगाचे असे लांब आणि सडपातळ पाय दिले आहेत, की देहाच्या प्रमाणात पाहिल्यास रोहित पक्षी सोडला तर याच्याहून लांब पायांचा पक्षी क्वचितच सापडेल. छाती आणि पोट स्वच्छ पांढरे, पंख काळेभोर, डोळे लाल आणि चोच सुईसारखी सरळ व काळी. नराची पाठ तुकतुकीत काळी असते, मादीच्या पाठीवर तपकिरी झाक असते. तो उडू लागला, म्हणजे हे तांबडे पाय शेपटीच्या बरेच मागे लांबलेले दिसतात, आणि दूरच्या आकाशातही त्याची ओळख पटण्यास तेवढी एकच खूण पुरेशी होते.

या पायांनीच त्याचे जीवितक्षेत्र निश्चित केले आहे. काठावरच्या कोरड्या जमिनीवर टिटवी चरते, खोल पाण्यात बदके पोहतात, आणि या दोहोंच्या मधील जो भाग, तो शेकाट्याचा. एकेक पाऊल उचलून संथपणे चालत तो पाण्याच्या पृष्ठभागावरील कीटक, त्यांच्या अळ्या, लहान कवचधारी जीव आणि कृमी अचूक टिपतो. प्रसंगी मानेपर्यंत डोके पाण्यात घालून तळाशी असलेले भक्ष्यही वेचतो. उजनीच्या फुगवट्यावर भिगवणच्या परिसरात, उरणच्या पाणथळीत आणि गोव्यातील करमळीच्या तळ्यावर तो दिसतो. इतकेच काय, पुण्याच्या सांडपाण्याने काळवंडलेल्या मुळा-मुठेच्या पात्रातही, कवडीपाट येथे, त्याचे थवे उतरतात. यावरून हा पक्षी वाटेल तेथे जगतो, असा निष्कर्ष काढणे मात्र घातक ठरेल. पाण्याच्या गुणाच्या बाबतीत तो पुष्कळ सोसतो. पाण्याच्या खोलीच्या बाबतीत त्याला तडजोड करता येत नाही.

विणीच्या काळात तर ही गोष्ट अधिकच स्पष्ट होते. उन्हाळ्यापासून पावसाळ्याच्या पूर्वार्धापर्यंत, पाण्यालगतच्या उघड्या चिखलावर, मिठागराच्या बांधावर किंवा पाण्याने वेढलेल्या एखाद्या उंचवट्यावर, बहुधा अनेक जोड्या मिळून वसाहत करून, हे पक्षी साधी घरटी करतात. अंडी सामान्यतः चार असतात, आणि नर व मादी दोघेही पाळीपाळीने ती उबवितात. पाणी चढू लागले तर काड्या व चिखल यांची भर घालून घरटे उंच करावयाचे, ऊन असह्य झाले तर पोटाची पिसे पाण्यात भिजवून अंड्यांना गारवा द्यावयाचा, आणि कुत्रे किंवा माणूस जवळ आला तर पंख मोडल्याची बतावणी करीत त्याला घरट्यापासून दूर न्यावयाचे, इतकी त्यांची दक्षता असते. पिल्ले अंड्यातून बाहेर पडल्यावर थोड्याच वेळात चालू लागतात आणि स्वतःच भक्ष्य टिपू लागतात. म्हणून घरट्याशेजारीच त्यांच्या इवल्या पायांना झेपेल असे उथळ पाणी असावे लागते.

आता कायद्याची स्थिती पाहावी. २०१७ च्या पाणथळ संवर्धन नियमांत पाणथळ जागेची जी व्याख्या आहे, तिच्यातून नद्यांची पात्रे, भातशेती, पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले तलाव आणि मीठ, मत्स्यशेती वा सिंचन यांसाठी उभारलेली बांधकामे वगळलेली आहेत; म्हणजे शेकाट्याची बहुतेक वसतिस्थाने या एका वाक्याने संरक्षणाबाहेर गेली आहेत. वस्तुतः महाराष्ट्राचे पहिले रामसर स्थळ जे नांदूर मध्यमेश्वर, ते गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ घातलेल्या बंधाऱ्यामुळेच निर्माण झाले. मानवनिर्मित पाणी आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ होऊ शकते, याचा याहून स्पष्ट पुरावा दुसरा कोणता हवा?

कायद्याइतकाच विचार आपल्या विकासपद्धतीचाही व्हावयास हवा. तळ्यातील गाळ काढणे हे अवर्षणग्रस्त मुलुखात अत्यावश्यक काम आहे, आणि २०१७ मध्ये सुरू झालेल्या 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' या योजनेने शेताला कसदार माती व तळ्याला साठवण अशी दुहेरी सोय साधली आहे. परंतु यंत्राने तळे कडेपर्यंत सरसकट खोल केले, किंवा शहरी तलावाला चहूबाजूंनी उभी भिंत बांधून वर फरसबंदी केली, की पाणी शिल्लक राहते आणि उथळ काठ नाहीसा होतो. शेकाट्या आज जगातून नष्ट होण्याच्या मार्गावर नाही, म्हणून त्याच्यासाठी कोणी गाऱ्हाणे घालीत नाही. पण जो पक्षी सर्वत्र दिसतो, त्याची जागा सर्वत्र थोडीथोडी जात असते, आणि ही हानी हिशेबात येईपर्यंत फार उशीर झालेला असतो.

यावर उपाय खर्चाचा नाही. गाळ काढताना तळ्याची एक बाजू उतरती राखावी. सुशोभनाच्या आराखड्यात एक काठ भिंतीविना, चिखलाचा ठेवण्याची अट घालावी. चैत्रापासून श्रावणापर्यंत त्या काठावर यंत्रे नेऊ नयेत. आणि तलाठ्याने सातबाऱ्यावर त्या पट्टीची नोंद पडीक म्हणून न करता पाणथळ म्हणून करावी. आपल्या गावच्या तळ्याचे काम निघेल, तेव्हा ग्रामसभेत उठून या एका काठाची मागणी करावी, एवढीच प्रत्येक वाचकाला विनंती आहे.