विश्लेषण : ब्लॉग वाचायला पैसे घ्यावेत का? दोन ब्लॉगर्सचा अनुभव काय सांगतो?

एखादा ब्लॉग वर्षानुवर्षं फुकट वाचायची सवय झालेली असते. मग एक दिवस लेख अर्ध्यावरच थांबतो आणि खाली ओळ दिसते, ‘पुढे वाचण्यासाठी सदस्य व्हा.’ वाचकाला वाटतं, हे काय नवीन? लेखकाला वाटतं, इतकी वर्षं फुकट लिहिलं, पण घर कशावर चालवायचं?

दोघांचंही चूक नाही. पण पैसे नेमके कशाचे घ्यायचे आणि ते घेतल्यावर लेखक कशाला बांधला जातो, याचा विचार फारसा होत नाही. अमेरिकेतल्या दोन ब्लॉगर्सनी हे दोन वेगळ्या पद्धतींनी करून पाहिलं.

सलिव्हन यांनी ब्लॉग का बंद केला?

राजकीय भाष्यकार अँड्र्यू सलिव्हन २००० सालापासून ब्लॉग लिहीत होते. ‘टाइम’, ‘द अटलांटिक’ आणि ‘द डेली बीस्ट’ या प्रकाशनांकडे काही काळ त्यांचा ब्लॉग होता. जानेवारी २०१३ मध्ये त्यांनी जाहीर केलं की, ‘द डिश’ हा ब्लॉग आता स्वतंत्र होईल. जाहिराती नसतील, वाचकांनी वर्षाला १९.९९ डॉलर द्यावेत. छोट्या नोंदी खुल्या राहतील. सविस्तर मजकूर ठरावीक वेळा उघडला की पैसे भरावे लागतील.

प्रतिसाद जोरदार होता. पहिल्या काही दिवसांतच तीन लाखांहून अधिक डॉलर जमा झाले. दोन वर्षांत पैसे भरणाऱ्यांची संख्या सुमारे ३० हजारांवर गेली.

तरीही फेब्रुवारी २०१५ मध्ये ‘द डिश’ बंद झाला. दिवसभर, आठवडाभर सतत नोंदी टाकण्याचा ताण तब्येतीवर येत असल्याचं सलिव्हन यांनी सांगितलं. पैसे मिळत होते, पण वर्षाची वर्गणी आधी घेतली की वर्षभराचं लिखाण उधारीवर येतं. फुकट ब्लॉग लिहिणारा आठवडाभर गप्प बसला तर कुणी जाब विचारत नाही. वर्गणी भरलेला वाचक विचारू शकतो.

सलिव्हन २०२० मध्ये परतले, ते ‘सबस्टॅक’वर ‘द वीकली डिश’ घेऊन. या वेळी वचन होतं आठवड्याचं, दर तासाचं नव्हे.

कॉटके यांनी कुलूप का लावलं नाही?

जेसन कॉटके १९९८ पासून ब्लॉग लिहितात. फेब्रुवारी २००५ मध्ये त्यांनी नोकरी सोडली आणि वाचकांना आर्थिक मदतीचं आवाहन केलं. एकही नोंद बंद केली नाही. सुमारे १,४५० वाचकांनी मिळून ३९,९०० डॉलर दिले. रक्कम लहान नव्हती, पण वर्षभरानंतर कॉटके यांनी हा प्रयोग थांबवला. एकदा उत्साहाने दिलेली मदत दरवर्षी तशीच मिळेल, याची खात्री नसते.

२०१६ मध्ये त्यांनी नियमित सदस्यत्व सुरू केलं. लिखाण तेव्हाही सगळ्यांसाठी खुलंच राहिलं. २०२२ मध्ये त्यांनी काही महिने सुट्टी घेतली आणि मग ब्लॉग पुन्हा सुरू केला. इथे सदस्य पैसे देतात ते ब्लॉग टिकावा म्हणून. विशिष्ट लेख उघडावा म्हणून नाही.

कुलूप लावल्याने काय जातं?

याचं उत्तर मोठ्या वृत्तपत्रालाही महागात पडलं आहे. २००५ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने आपल्या स्तंभलेखकांचे लेख वर्षाला ४९.९५ डॉलरच्या भिंतीआड नेले. सव्वादोन लाखांच्या आसपास लोकांनी स्वतंत्रपणे पैसे भरले. तरी २००७ मध्ये ही योजना बंद झाली. सर्च इंजिनमधून येणारे वाचक वाढत होते आणि भिंतीपाशी अडत होते. पुढे २०११ मध्ये ‘टाइम्स’ने महिन्याला ठरावीक लेख मोफत आणि त्यापुढे पैसे, अशी सैल पद्धत आणली.

नव्या ब्लॉगरसाठी हा धोका जास्त आहे. त्याचं नाव पसरतं ते एका वाचकाने दुसऱ्याला पाठवलेल्या लेखामुळे. लेखच उघडला नाही तर तो पुढे पाठवणार कोण?

मग आताच हा प्रश्न का?

जाहिरातींचं गणित पानावर किती लोक येतात यावर चालतं. गुगलने ऑगस्ट २०२४ पासून भारतातही सर्चच्या वरच एआयने तयार केलेला सारांश द्यायला सुरुवात केली. उत्तर तिथेच मिळालं की मूळ लेखापर्यंत जायची गरज अनेकांना वाटत नाही.

दुसरीकडे, पैसे घेणं सोपं झालं. २०१७ मध्ये सुरू झालेल्या सबस्टॅकने मार्च २०२५ मध्ये ५० लाख सशुल्क वर्गण्यांचा टप्पा गाठल्याचं सांगितलं. ही कंपनी वर्गणीतले १० टक्के ठेवते, पेमेंटचा खर्च वेगळा.

हिशेब कसा बसतो?

समजा, एका ब्लॉगरला महिन्याला ४० हजार रुपये हवेत आणि वर्गणी १०० रुपये आहे. सगळी कपात जाऊन हातात ८७ रुपये पडले, तर साधारण ४६० वर्गणीदार लागतील. नियमित वाचकांपैकी शंभरातल्या पाच जणांनी पैसे भरले असं धरलं, तर आधी ९,२०० नियमित वाचक हवेत. ते मिळवायचे तर लिखाण खुलं असावं लागतं.

मराठी ब्लॉगरपुढे वेगळी अडचण आहे का?

आहे. सबस्टॅकवरचे पैसे ‘स्ट्राइप’मार्फत येतात आणि स्ट्राइप भारतात सध्या निमंत्रणावरच नवी खाती देते. दर महिन्याला कार्डातून आपोआप पैसे कापण्यावर रिझर्व्ह बँकेचे ऑक्टोबर २०२१ पासूनचे नियम आहेत. पैसे जाण्याआधी ग्राहकाला सूचना द्यावी लागते. त्यामुळे थेट यूपीआयने वर्षाची वर्गणी घेणं हा इथे साधा मार्ग ठरतो.

वर्गणी हा शब्द मराठी वाचकाला नवा नाही. १९४८ मध्ये साने गुरुजींनी सुरू केलेलं ‘साधना’ साप्ताहिक वर्गणीदारांच्या आधाराने चालत आलं आहे. दिवाळी अंक तर दरवर्षी विकत घेतले जातात. मात्र ‘मायबोली’सारखी संकेतस्थळं १९९६ पासून मोफत आहेत, त्यामुळे पडद्यावरचं मराठी फुकट, ही सवयही तितकीच पक्की आहे.

थोडक्यात, पैसे घ्यावेत का?

घ्यावेत, पण सरसकट कुलूप लावून नव्हे. ज्या माहितीवर वाचकाचा व्यवसाय किंवा गुंतवणूक अवलंबून आहे, तिला भिंत परवडते. त्या वाचकाला पैसे वसूल होतात. अनुभव, मतं, पुस्तकं, प्रवास यांवर लिहिणाऱ्याने लेख खुले ठेवून वर्गणी मागणं जास्त व्यवहार्य आहे. आणि मागताना झेपेल तेवढंच वचन द्यावं. महिन्याला दोन लेख सांगून दोन देणाऱ्याची वर्गणी पुढच्या वर्षीही भरली जाते; रोजचं कबूल करून चौथ्या महिन्यात थांबणाऱ्याची नाही.