तांब्याचें तोंड

एका वाचक भगिनींनीं पत्र लिहून विचारिलें आहे कीं, त्यांचा बारा वर्षांचा मुलगा चित्रें काढण्याचें एकाएकीं सोडून बसला आहे. ‘मला येत नाहीं’ एवढेंच म्हणतो. तर त्याला रोज सराव करावयास लावावें काय? लावावें, परंतु सराव कशाचा, हें आधीं ठरवावें. या विषयांत माझा अधिकार मोठा नाहीं. तीस वर्षें मीं शाळेंत संस्कृत शिकविलें. चित्रकलेचा तास शेजारच्या वर्गांत चाले, आणि त्याला मी मनांतून खेळाचाच तास समजत असें. पेन्सिल हातीं धरली ती सेवानिवृत्तीनंतर, नातवाला सोबत म्हणून. त्याचेंही दुखणें हेंच होतें.

लहान मूल जें ठाऊक असतें तें काढतें, आणि त्यांत तें तृप्त असतें. दहा-बारा वर्षांचें झालें म्हणजे वस्तु आणि आपलें चित्र यांतला फरक त्याला दिसूं लागतो. म्हणजे डोळा पुढें गेला, हात मागें राहिला. ही खरें पाहतां प्रगतीच; पण मुलाला तें अपयश वाटतें, आणि आपणही ‘त्याच्या हातांत कला नाहीं’ म्हणून मोकळे होतों.

आम्ही आजा-नातू देवघरांतला तांब्या पुढें ठेवून बसलों. पन्नास वर्षें ज्यांतून मी पाणी घेत आलों, त्या तांब्याचें तोंड मीं गरगरीत वाटोळें काढलें आणि बूड सरळ रेघेचें! कारण तोंड वाटोळें आहे आणि तांब्या जमिनीवर सपाट बसतो, हें मला ठाऊक होतें. वस्तुतः पाटावर बसून पाहिलें तर तोंड चपट्या लंबवर्तुळासारखें दिसतें, आणि बुडाची कड त्या तोंडाच्या कडेहून अधिक वांकलेली दिसते, कारण ती नजरेच्या पातळीपासून अधिक खालीं असते. तांब्या उचलून तोंड नेमकें डोळ्यासमोर आणलें तर वर्तुळाची नुसती एक रेघ उरते. वाचकांनीं आतांच उठून पाहावें.

आमची फजिती पाहून सौभाग्यवती स्वयंपाकघरांतून बाहेर आली. अंगणांत ठिपक्यांची रांगोळी काढण्याचा तिचा नेम चाळीस वर्षांचा. तिनें पेन्सिल घेतली आणि हात न उचलतां तांब्या काढला. दोन्ही बाजू तोलून पाहाव्या इतक्या सारख्या. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तिसऱ्या खंडांतील चित्रसूत्रांत म्हटलें आहे कीं, जाणते आचार्य चित्रांत रेघेची वाखाणणी करतात. ती रेघ मीं त्या दिवशीं प्रथम पाहिली. इतकीं वर्षें ती माझ्या पायांखालीं होती. पण नातू म्हणाला, “आजी, हा आपला तांब्या नव्हे. आपल्याला पोचा आहे.” खरेंच होतें. तिनें तांब्याकडे पाहिलेंच नव्हतें.

मालविकाग्निमित्राच्या दुसऱ्या अंकांत राजा मालविकेला प्रत्यक्ष पाहतो, तेव्हां चित्रापेक्षां ती अधिक सुंदर दिसते. दोष तो चित्रकाराच्या हाताला देत नाहीं. त्याची समाधि शिथिल झाली होती असें म्हणतो. हा श्लोक मीं किती वर्षें घोकून घेतला! त्याचा अर्थ तांब्यानें सांगितला.

तेव्हां सराव पाहण्याचा. रोज वीस मिनिटें पुरेत. पण वस्तु आठवडाभर एकच असावी. पेन्सिल मऊ, आणि रबर नको. चुकलेली रेघ तशीच ठेवून शेजारीं दुसरी काढावी. माप घेतांना हात कोपरांत न वांकवितां पेन्सिल पुढें धरावी, एक डोळा मिटावा, आणि उंचीच्या मानानें रुंदी किती तें मोजावें. कोपऱ्यांत तारीख घालावी. मधून मधून वस्तु झांकून आठवणीनें काढून पाहावें. एलिमेंटरी व इंटरमिजिएट या परीक्षांत वस्तुचित्राबरोबर स्मरणचित्राला स्थान मिळालें, तें उगीच नव्हे. मोबाईलवरच्या चित्राची नक्कल मात्र नवशिक्यानें करूं नये. वाटोळें तोंड चपटें करण्याचें काम तेथें दुसऱ्यानेंच उरकलेलें असतें. आणि बाई, मुलाला नुसतें बसवूं नका. शेजारीं आपणही बसा, आपलें चित्र त्याच्याहून वाईट आलें तर फारच उत्तम.

आणखी एक युक्ति आहे. वस्तु जमेना तर वस्तूभोंवतालची रिकामी जागा काढावी. तिच्याविषयीं मनांत आगाऊ समजूत नसते, म्हणून ती खरी उतरते. माझे वडील बंधु अण्णा रोज सकाळीं गंजिफ्राक घालून, कमरेवर हात ठेवून ओसरीवर उभे राहतात. चैत्रापासून मी त्यांना काढूं लागलों, तो प्रथम हात आणि धड यांमधला त्रिकोण काढून. श्रावणांत नातू वही चाळतां चाळतां म्हणाला, “आजोबा, तुमचा त्रिकोण मोठा होत चालला आहे.” मला वाटलें, माझेंच चुकलें. मागच्या खांबाच्या रुंदीशीं ताडून पाहिलें. खांब तसाच होता, त्रिकोण जवळ जवळ दीडपट.

घरांत अकरा माणसें. सगळीं अण्णांना रोज पाहणारीं, म्हणूनच कोणाला दिसलें नाहीं. आणि तहान वाढली आहे, रात्रीं चार वेळां उठावें लागतें, हें अण्णांनीं कोणाला सांगितलें नव्हतें. डॉक्टरांनीं रक्त तपासून मधुमेह सांगितला, साखर बरीच वाढली होती. औषध आणि पथ्य सुरू होऊन आतां तीन महिने झाले. त्रिकोण थोडा आवरला आहे. अण्णांची तक्रार एवढीच कीं, मी त्यांचें नाक फार मोठें काढतों. तें मीं पेन्सिलीनें दोनदां मोजलें आहे.