गाडी जुनी, हक्क शाबूत

धाराशिव जिल्ह्याच्या वाशी तालुक्यातील तेरखेडा हे सोलापूर-धुळे महामार्गावरचे गाव फटाक्यांसाठी सर्वदूर ओळखले जाते. या व्यवसायात मालाची परीक्षा फार लवकर होते. वात पेटविली की बार फुसका की दमदार, याचा निकाल तत्क्षणी लागतो. जुन्या मोटारीची गोष्ट मात्र निराळी आहे. सौदा ठरतो त्या दिवशी ती चकचकीत असते, एका किल्लीत सुरू होते, पाचदहा किलोमीटर विनातक्रार धावते. पंधरवड्याने इंजिन धूर ओकू लागते, गिअर अडकतो, कधी ब्रेकच दगा देतो. तक्रार घेऊन गेलेल्या ग्राहकाला ठरलेले उत्तर मिळते, "गाडी जुनीच होती, जशी आहे तशी तुम्ही घेतलीत!"

या उत्तराने बहुतेक कुटुंबे निमूटपणे घरी परततात. ग्रामीण भागातील मध्यमवर्गीय घरात मोटार ही आता केवळ हौसेची वस्तू राहिलेली नाही. रुग्णाला बार्शी किंवा सोलापूरला न्यायचे असो, मुलांना शिक्षणासाठी पोहोचवायचे असो की वृद्धांना तुळजापूरचे दर्शन घडवायचे असो, दाराशी गाडी असणे ही सोय झाली आहे. नवी गाडी आवाक्याबाहेर असल्याने वर्षानुवर्षांची बचत किंवा सोने तारण ठेवून काढलेले कर्ज जुन्या गाडीत गुंतते. त्या गाडीने दगा दिला तर बुडतात ते केवळ पैसे नव्हेत. नादुरुस्त ब्रेकपायी प्रसंगी प्राणही जाऊ शकतो.

म्हणून पहिली गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. ग्राहक संरक्षण कायदा नव्या आणि जुन्या वस्तूत भेद करीत नाही. १९८६ च्या कायद्याची जागा घेणारा २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून अमलात आला. वस्तूचा दर्जा वा स्थिती यांविषयी खोटे सांगणे आणि जुनी वा दुरुस्त केलेली वस्तू नवी म्हणून खपविणे, या गोष्टी त्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरविल्या आहेत. बिल न देणे हीदेखील अनुचित प्रथाच आहे. दहा वर्षांच्या वापराने झालेली झीज ही विक्रेत्याची लबाडी नव्हे, हे ग्राहकानेही मान्य केले पाहिजे. परंतु किलोमीटरचा आकडा मागे फिरविणे, अपघात लपविणे, पुरात बुडालेली गाडी रंगवून विकणे ही झीज नव्हे, ही फसवणूक आहे. 'जशी आहे तशी' हे शब्द खोटेपणाचे कवच होऊ शकत नाहीत.

गोव्यातील एक प्रकरण या संदर्भात उद्बोधक आहे. २०११ चे मॉडेल मागणाऱ्या ग्राहकाच्या हाती विक्रेत्याने २००९ चे, सहाशेहून अधिक किलोमीटर धावलेले आणि खालून गंज धरलेले वाहन ठेवले. हा वाद जिल्हा मंचापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. फेब्रुवारी २०२१ मध्ये न्यायालयाने उत्पादक टाटा मोटर्सला दायित्वातून मुक्त केले. विक्रेत्याच्या कृत्याची माहिती उत्पादकाला होती हे सिद्ध झाल्याखेरीज त्याला जबाबदार धरता येणार नाही, असा त्याचा आशय होता. विक्रेत्याकडून भरपाई मिळविण्याचा ग्राहकाचा मार्ग मात्र मोकळा राहिला. बोध असा की, बड्या कंपनीच्या नावामागे धावण्यापेक्षा पैसे ज्याच्या हाती दिले त्याला धरावे.

येथेच खरी मेख आहे. ग्राहक आयोगात दाद मिळते ती व्यापार करणाऱ्याविरुद्ध. शेजारच्या गावातील गृहस्थाने स्वतःची मोटार विकली, तर तो सामान्यतः व्यापारी ठरत नाही. मग वाट उरते ती १८७२ च्या करार कायद्याची व दिवाणी न्यायालयाची. उघड फसवणूक असेल तर पोलीस ठाण्याची. करार कायदा तर असेही सांगतो की, केवळ मौन ही सहसा फसवणूक नव्हे. म्हणजे जे विचारले नाही ते सांगितले गेले नाही, अशी पळवाट विक्रेत्याला राहते. प्रश्न विचारावेत आणि उत्तरे लेखी घ्यावीत, हाच त्यावरचा उपाय. जुन्या वाहनांच्या विक्रेत्यांसाठी १ एप्रिल २०२३ पासून परिवहन विभागाचे अधिकारपत्र घेण्याची तरतूद झाली आहे. चौकातल्या दलालाला ते दाखविण्यास सांगण्यात संकोच कशाचा?

कागदांबाबतचा आळस तर अधिकच महागात पडतो. राज्यांतर्गत विक्रीत विकणाऱ्याने १४ दिवसांत व घेणाऱ्याने ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचे असते. विमाही १४ दिवसांत नावावर करण्यासाठी अर्ज करावा लागतो. गाडी हातोहात विकली गेली तरी नोंदणी ज्याच्या नावे, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याचीच, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. त्यामुळे "नावावर नंतर करू" हे वाक्य विकणाऱ्यालाही घातक आहे.

दोष आढळताच गाडी परस्पर दुरुस्त करून पुरावा पुसू नये. जाणकार मेकॅनिककडून लेखी अहवाल व छायाचित्रे घ्यावीत, विक्रेत्याला नोंदणीकृत टपालाने नोटीस द्यावी. दाद न मिळाल्यास १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणी आहे आणि दोन वर्षांच्या आत धाराशिवच्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. ग्राहक राहतो तेथेच तक्रार दाखल होते. त्यासाठी विक्रेत्याच्या पुण्या-मुंबईला खेटे घालावे लागत नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीवर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली जीप किंवा टेम्पोही या संरक्षणाबाहेर नाही.

कायद्याने निकालासाठी तीन महिने, तपासणी लागल्यास पाच महिने, असे उद्दिष्ट ठेवले आहे. प्रत्यक्षात तारखांचा घोळ संपत नाही. ज्याची गाडी अंगणात गंजत पडली आहे आणि हप्ता चालू आहे, त्याला उशिराचा न्याय कितीसा पुरणार? आयोगांना पुरेसे सदस्य व कर्मचारी देणे, हे शासनाचे कर्तव्य आहे.

परंतु सारे शासनावर सोपवून चालणार नाही. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम उभारले, तेव्हा ग्राहकाच्या हाती स्वतंत्र कायदाही नव्हता. तो १२ वर्षांनी आला. आधी समाज जागा झाला, मग कायदा आला, हा क्रम विसरता कामा नये. आज कायदा आहे, पण फसलेला माणूस एकटा आहे. गावोगावच्या कार्यकर्त्यांनी सौद्याच्या वेळी कागद वाचून दाखवावेत, तक्रारीच्या वेळी सोबत जावे. आणि गाडी विकण्याची पाळी आपल्यावर येईल तेव्हा तिचा दोष न विचारता सांगावा. घेणाऱ्याच्या घरातली मुलेही त्याच गाडीत बसणार आहेत.