गल्लीतील बालवाडी आणि शेजारधर्म

शेजाऱ्याच्या गोठ्यात बैल हंबरला, लोहाराच्या ऐरणीवर पहाटे घण पडला, कोष्ट्याचा माग रात्रीपर्यंत खटखटत राहिला, तरी आमच्या शेतकरी-कारागीर वस्तीत त्यावर कोणी अर्ज करीत नसे. तो आवाज ज्याच्या त्याच्या पोटाचा आहे, हे लहानथोर सर्व जाणत होते. अलीकडे मात्र एक निराळाच आवाज लोकांच्या कानांस बोचू लागला आहे. तो गिरणीचा नव्हे, की बँडबाजाचाही नव्हे. तो आहे तीन-चार वर्षांच्या पोरांचा!

सीनेच्या काठचे आमचे नागापूर हे पूर्वीचे शेतीचे गाव. एमआयडीसी आली, कारखाने उभे राहिले, आणि शेताच्या बांधांवर खोल्यांच्या चाळी उठल्या. जिल्ह्याच्या तालुक्यातालुक्यांतून व शेजारच्या बीडकडून माणसे पोटामागे येथे आली. पूर्वी घरात आजी असे, चुलती असे. सून शेतात गेली तरी पोर उघडे पडत नसे. खोलीत राहणाऱ्या जोडप्याची आजी गावाकडे राहिली. नवरा पाळीवर, बायको पॅकिंगला किंवा धुण्याभांड्याला. मग पोर कोठे ठेवावे? अशा वेळी गल्लीतील एखादी शिकलेली बाई आपल्या पुढच्या खोलीत दहाबारा मुले सांभाळू लागते, त्यांना गाणी-गोष्टी सांगते, अंक-अक्षरांची ओळख करून देते. ही तिची बालवाडी. तिला चार पैसे मिळतात आणि दहा घरांच्या चुली पेटतात.

आणि येथेच तक्रारीला तोंड फुटते. आम्ही पडलो शाळामास्तर. गावात अर्ज लिहावयाचा झाला की लोक आमच्याकडे येतात. अशीच एक बालवाडी बंद करावी म्हणून अर्जाचा मसुदा मागावयास काही मंडळी आली होती. त्यांची कलमे पाच. पहिले, पोरांच्या गलक्याने रात्रपाळीवाल्यांची झोप मोडते. दुसरे, सकाळी व सायंकाळी मोटारसायकलींनी गल्ली अडते. तिसरे, गटार तुंबते व पाणी पुरत नाही. चौथे, उद्या एखाद्या पोराला काही झाले तर पोलीस सगळ्या गल्लीला विचारतील. पाचवे, "कोठली कोठली पोरे येतात, आपल्या मुलांना वळण लागत नाही." आम्ही पहिली चार कलमे लिहून दिली, पण अर्जाऐवजी त्या बाईंशी बोलण्याची टिपणे म्हणून. पाचवे कलम लिहावयास आमची लेखणी उचलली नाही. असे का, हेच आज वाचकांपुढे मांडावयाचे आहे.

पहिली चार कलमे खोटी नाहीत. बारा तास यंत्रापुढे उभा राहून आलेल्या माणसाची झोप ही चैन नव्हे, ती त्याची उद्याची मजुरी आहे. तेव्हा बालवाडी चालविणाऱ्या बाईंनीही शेजाऱ्यांस मोडीत काढू नये. मोकळा खेळ सकाळी दहानंतर तासभर ठेवावा; दुपारी मुले निजतात, त्या वेळी गल्लीलाही शांतता मिळते. ज्या भिंतीपलीकडे कोणी रात्रपाळीवाला निजतो, त्या भिंतीशी खेळ मांडू नये. गाड्या चौकातच थांबवाव्या व तेथून पोरास बोट धरून चालवीत आणावे. त्यात पोराचेही पाय मोकळे होतात. खोली पाहून मुलांचा आकडा ठरवावा आणि हावेपोटी तो वाढवू नये. पाण्याची टाकी स्वतःची असावी. हात धुण्याचे व संडासाचे पाणी उघड्या गटारात सोडू नये. दाराला पोराच्या हाती न लागणारी कडी असावी, स्वयंपाकाचा गॅस मुलांच्या खोलीत नसावा, मदतीला दुसरी बाई असावी, आणि कोणते मूल कोणाच्या हाती सोडावयाचे याची वही असावी. एवढे केले तर चारांपैकी तीन तक्रारी महिन्याभरात निवतात. चौथीसाठी पुढे बोलू.

गलक्याविषयी मात्र एक गोष्ट विचारावीशी वाटते. सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी राहत्या वस्तीत दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल अशी आवाजाची मर्यादा घातली आहे. वरातीत भिंती हादरविणारा डीजे वाजतो, तेव्हा ही मर्यादा कोणास आठवते? तेथे अर्जावर सही करावयास कोणी पुढे येत नाही, कारण तेथे गाठ दांडग्यांशी असते. बालवाडीची बाई एकटी आणि पोरांना तर मतही नाही. म्हणून कायदा तेथेच आठवावयाचा काय?

हा प्रश्न केवळ आमच्याच गावचा आहे असे नाही. जर्मनीत शेजारी लोक मुलांच्या गलक्यावरून कोर्टात जाऊ लागले, तेव्हा २०११ साली तेथील सरकारने कायद्यात दुरुस्ती करून सांगितले की बालगृहांतील व खेळाच्या मैदानांवरील मुलांचा आवाज सर्वसाधारणपणे उपद्रव म्हणून धरू नये. जपानातील टोकियो शहराने २०१५ साली लहान मुलांच्या आवाजाला आपल्या आवाजमर्यादेतून वगळले. त्याच जपानात इचिकावा नावाच्या शहरी २०१६ साली शेजाऱ्यांच्या विरोधापायी बालगृह उघडण्याचा बेत सोडून द्यावा लागला. म्हणजे पोरांचा कंटाळा श्रीमंत देशांतही आहे. पण यंत्राचा आवाज आणि लेकराचा आवाज एका तराजूत घालू नये, एवढे शहाणपण त्यांना उशिरा का होईना सुचले.

आता ते पाचवे कलम. 'कोठली कोठली पोरे' म्हणजे कोणाची? कचरा वेचणाऱ्या बाईचे, वडाराचे, पारध्याचे, परप्रांतीय मजुराचे पोर आपल्या बाब्याशेजारी एका सतरंजीवर बसते, हे ते दुखणे. गटार, मोटारसायकल ही त्याच्यावरची पांघरुणे! आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, ही म्हण आमच्याच लोकांनी स्वार्थी माणसाला हसण्यासाठी केली. आज ती आमच्याच अर्जात कलम होऊन बसावी काय?

शेतकरी बंधूंनो, जरा मागे वळून पाहा. १८४८ साली पुण्यात भिडे यांच्या वाड्यात जोतीराव फुल्यांनी मुलींची शाळा काढली, तेव्हा शाळेस जाणाऱ्या सावित्रीबाईंच्या अंगावर शेण व चिखल फेकणारे लोक कोणी परमुलखातून आले नव्हते. ते त्याच गावचे होते. गावाचे वळण बिघडते, हेच त्यांचेही म्हणणे होते. जोतीरावांना वडिलांचे घर सोडावे लागले, तेव्हा गंज पेठेतील उस्मान शेख यांनी त्यांना आपल्या घरात जागा दिली. शेजारी तोही आणि शेजारी हाही! १८६३ साली जोतीराव-सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, ते गावाबाहेरच्या माळावर नव्हे, भर पेठेत स्वतःच्या घरी. फसविलेल्या विधवांची पोरे तेथे जन्मली व वाढली. त्यांतीलच एक यशवंत, त्यास त्यांनी १८७४ साली दत्तक घेतले. १८६८ साली घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांस खुला केला. १८७७ च्या दुष्काळात धनकवडीस बालाश्रम काढून सत्यशोधकांनी भुकेल्या पोरांना जेवू घातले. 'कोठली कोठली पोरे' म्हणून कोणास पंगतीतून उठविले नाही. ज्यांच्या तसबिरी आम्ही जयंतीला ओवाळतो, त्यांच्या घरात अशी पोरे वाढली, हे आम्ही विसरावे काय?

कोणी म्हणेल, बाईने घरी बसावे आणि पोर सांभाळावे. हे म्हणणारास ठाऊक असावे की कष्टकऱ्याची बाई कधीच घरी बसलेली नाही. ती खुरपणीला गेली, भट्टीवर गेली, गिरणीत गेली. पाथर्डीकडून ऊसतोडीला जाणारी आई आपले तान्हे फडातल्या पाचटावर निजविते आणि वाढे बांधते. मुंबईच्या गिरण्यांत कामास जाणाऱ्या आया तान्ह्या पोरांना अफूची बाळगोळी देऊन निजवीत, अशी नोंद १९२० नंतरच्या दशकातील अहवालांत आहे. त्या आया दुष्ट होत्या काय? मुळीच नाही. पोर पाहावयास माणूस नव्हते, आणि खाडा केला तर मजुरी नव्हती. गल्लीतील बालवाडी बंद पडली म्हणून आईचे काम बंद पडत नाही; पोर कुलूपबंद खोलीत राहते, किंवा आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर राहते आणि ती बहीण शाळेतून नाहीशी होते. आमच्या हजेरीपटावर अशा मुलींची नावे आम्ही पाहतो. ज्यांनी अर्जावर सह्या केल्या, त्यांना ही गैरहजेरी दिसत नाही, एवढेच.

सरकारने काही केले नाही असे नाही. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बाळंतपणाच्या लाभाचे विधेयक आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याची बाजू घेतली, आणि १९२९ साली तो कायदा झाला. १९४८ च्या कारखाना कायद्याने, पुढे झालेल्या दुरुस्तीनंतर, तीसपेक्षा अधिक स्त्रिया असतील तेथे पाळणाघर ठेवावयास लावले. २०१७ साली पन्नास किंवा अधिक नोकर असलेल्या आस्थापनेवर ही सक्ती आली, आणि २०२० च्या नव्या संहितांतही पन्नासाचाच आकडा आहे. पण छोट्या शेडमध्ये वीस-पंचवीस बाया काम करतात, धुणेभांडी करणारी तर एकटीच. त्यांच्या वाट्याला हा पन्नासाचा आकडा कधी यावा? अंगणवाडी आहे, आणि ती चांगली आहे. पण ती दुपारी सुटते आणि आईची पाळी सुटत नाही. २०२२ पासून केंद्र सरकारची 'पाळणा' योजना आहे. तिच्यातून आपल्या वस्तीत पाळणाघर मागावे, नगरसेवकाच्या दारी त्यासाठी जावे. अर्जच करावयाचा तर हा करा!

'अंगणवाडी' हा शब्दही शेजारधर्मातूनच जन्मला आहे. १९४५ साली ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे बालशिक्षणाचे काम मांडले. हरिजनवाड्यातील मुले बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा बालवाडीच उठून त्यांच्या अंगणात गेली. पुढे गुरे राखणाऱ्या पोरांसाठी त्यांनी कुरणात शाळा भरविली. ज्यांनी आपले अंगण दिले, त्यांच्याकडे दोन खोल्यांची घरेही नव्हती. आमच्याकडे फरशीची घरे आहेत, आणि आम्हांला गल्लीतला गलका सोसवत नाही!

चौथ्या कलमाचे उत्तर येथेच आहे. पोरास काही होईल ही भीती खरी. पण भीतीवरचा उपाय दार बंद करणे हा नव्हे, दार उघडे ठेवणे हा आहे. शेजारच्या म्हातारीने दिवसातून दोनदा डोकावून पाहावे. बालवाडीच्या बाईने त्याचा राग मानू नये. मोकळ्या डोळ्यांची गल्ली असेल तेथे पोर हरवत नाही, की कोणी त्यास हात लावू धजत नाही. दर महिन्याच्या शेवटी बाई, पालक व शेजारी यांनी पारावर किंवा मंदिराच्या ओट्यावर अर्धा तास बसावे. ज्याची तक्रार असेल त्याने तोंडावर सांगावे, पाठीमागे सह्या गोळा करू नयेत. बाईने दिलेला शब्द पाळला नाही, तर तिला जाब विचारण्याचा हक्क गल्लीचा आहे, आणि त्या वेळी आमची लेखणीही गल्लीच्या बाजूची राहील.

पण लेकरू कोणाच्या पोटचे आहे, हे विचारण्याचा हक्क कोणाचाही नाही. आज जे पोर त्या सतरंजीवर 'एक, दोन, तीन' म्हणून ओरडते, तेच उद्या तुमच्या पंपाची मोटार दुरुस्त करावयास येईल, तुमच्या आईला दवाखान्यात सुई टोचील, तुमच्या नातवाला शिकवील. त्याच्या ओरडण्याने आज तुमची झोप तासभर मोडली, तर तेवढी देणगी त्यास द्या. वस्ती म्हणजे नुसत्या भिंती नव्हेत; ज्या गल्लीत दुसऱ्याच्या पोराला जागा आहे, तीच गल्ली आपल्याही पोराला सुरक्षित आहे.